गाडी बंद व्हती

१२ जून, बुधवार

सकाळीच भावकू आण्णांचा फोन. वडगावच्या विणकर वाचनालयाचा नोव्हेंबरात वर्धापनदिन आहे आणि समितीने माझा सत्कार करायचं ठरवलं आहे. आण्णा तिथले चिटणीस. मी नको म्हणाले.

"ठराव झालाय बाई. आता नको म्हणून चालत न्हाय. एक पान परिचय लिवून द्या. शिक्षण, वकिली, सामाजिक कार्य. सामाजिक कार्याला जागा जरा जास्त सोडा."

दुपारी कोर्टाच्या कँटीनमध्ये लिहायला बसले. ॲडव्होकेट मंगल किणयेकर. जन्म हिंडलगा. शाळा मराठी, कायद्याचं शिक्षण बेळगावात. मोटार अपघाताचे दावे चालवते. इथवर आले आणि अडले.

ह्या कामात मी ठरवून आले नाही. माझे सिनिअर जमिनीचे दावे चालवायचे. त्यांच्याकडे एखादा अपघाताचा दावा आला की ते मला दवाखान्यात पिटाळत, कारण पेशंटची बायको बाईमाणसाशी बोलते. त्यांना वकीलपत्रावर सही हवी असे. मी मात्र सही झाल्यावरही पलंगाशेजारी बसून राही, कारण तिथून उठायचं कसं तेच कळत नसे. पुढे जमिनीचे दावे बाकीच्या ज्युनिअरांनी वाटून घेतले, मोडलेली माणसं माझ्याकडे राहिली. ह्याला 'व्यावसायिक वाटचाल' म्हणायचं का?

गल्लीत मला अपघातवाल्या बाई म्हणतात. लग्नात गेले की कुणीतरी म्हणतंच, "बाई आल्या रं, वरात हळू काढा!" मी हसते. पण दुसऱ्याचं हाड मोडल्यावरच आपली चूल पेटते, हे मनातून जात नाही.

सामाजिक कार्याची जागा कोरी ठेवली. जे केलं नाही ते कसं लिहू?

१५ जून, शनिवार

नेहमीप्रमाणे सकाळी वाचनालयात. गुणाबाईंचं पेन्शनचं पत्र होतं, एकाची विजेची नोटीस, एका मुलीला कॉलेजच्या अर्जातलं काही कळत नव्हतं. सगळं कन्नडमध्ये असतं. वाचून मराठीत सांगायचं, एवढंच. माझं कन्नड काही फार चांगलं नाही, मोठेपणी शिकलेलं आहे. पण कामापुरतं चालतं.

आण्णांनी परिचयाचं विचारलं. म्हटलं, सामाजिक कार्य म्हणून लिहिण्यासारखं काही आठवत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग चष्मा काढून धोतराला पुसत बसले. बहुधा नाराज झाले.

२० जून, गुरुवार

साईनाथ आणि स्वरूपा ऑफिसला आले होते. साईनाथ वडगावला पॉवरलूमवर साड्या विणायचा. आता डावा गुडघा वाकत नाही, मागावर फार वेळ उभं राहता येत नाही.

अपघात होऊन दोन वर्षं होत आली. दोघं मोटारसायकलने तिच्या माहेरी नंदगडला निघाले होते. वाटेत रस्त्याच्या कडेला एक बाई रताळी विकत बसली होती म्हणून स्वरूपा उतरली. तिची पाठ रस्त्याकडे. मोठा आवाज झाला. वळून बघते तर साईनाथ रस्त्याच्या मधोमध आणि गाडी खडीच्या टिप्परच्या तोंडाशी पडलेली. जबडा फुटला, पुढचे दात गेले. खानापूर सोडल्यानंतरचं साईनाथला काहीच आठवत नाही, आणि ती रताळीवाली पुन्हा कुणाला सापडली नाही. टिप्परचा ड्रायव्हर म्हणतो, ही गाडी अचानक आडवी आली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द साईनाथचा जबाब तसाच आहे. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात हवालदाराने तो कन्नडमध्ये लिहून घेतला: माझी गाडी आली, टिप्परने मारलं. आली म्हणजे रस्त्यावर आली, असं पोलिसांनी धरलं, टिप्परच्या विमा कंपनीने धरलं. पोलिसांनी गुन्हाही त्याच्यावरच नोंदवला.

आज तो म्हणाला, "बाई, दावा मागं घ्या."

"का?"

"मीच सांगितलंय न्हवं, माझी गाडी आली म्हणून? माणूस मरायला टेकल्यावर खोटं बोलत न्हाय. माझ्या चुकीचं दुसऱ्याकडनं कसं घ्यायचं?"

मी म्हटलं, साक्ष अजून व्हायची आहे, घाई करू नका. खरं तर तोच बरोबर असेल, असं मलाही वाटतं. अशिलाच्या चुकीची खात्री असताना दावा चालवणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही आणि सोडवतही नाही.

स्वरूपाला पुन्हा एकदा सगळं सांगायला सांगितलं. "रताळी घ्यायला उतरलो. पिशवी हँडललाच ऱ्हायली, मग..." म्हणाली आणि वाक्य तिथंच सोडलं. उलट तिनेच विचारलं, "बाई, कुणी हाक मारली म्हणून माणूस गाडी वळवतंय. तर मग चूक कुणाची धरत्यात कोर्टात?"

"गाडी चालवणाऱ्याची. हाक मारणाऱ्याला कायदा काही विचारत नाही."

"बरं," म्हणाली आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिली. फार कोरडी बाई. नवरा जिना उतरताना कठड्याला धरून धडपडत होता, तिने हात पुढे केला नाही. बिचारी कंटाळली असेल. दोन वर्षं दवाखाना आणि कोर्ट म्हणजे थोडं नाही.

१ जुलै, सोमवार

स्कूटर गॅरेजमध्ये, म्हणून बसने. स्टॉपवर खेड्यातली एक म्हातारी डबा घेऊन बसली होती, मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे म्हणाली. बस आली तसा कंडक्टर दारातून ओरडला, "आज्जी, उद्यमबाग बस बंदैती!" बंदैती म्हणजे कन्नडमध्ये 'आली आहे'. म्हातारी उठत होती ती परत खाली बसली.

"बंद हाय? मग सकाळधरनं कशाला बसवून ठेवलंस रं मला?"

"बंद अल्ला आज्जी, बंदैती, बंदैती!" अल्ला म्हणजे 'नव्हे'.

"तेच की! बंद हाय तर वरडतोस कशाला?"

सगळी बस हसायला लागली. शेवटी दोघांनी उतरून तिला डब्यासकट वर चढवलं. मीही पार कोर्टापर्यंत मनाशी हसत होते. पुष्कळ दिवसांनी असं हसले. संध्याकाळी ऋतिकाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू हसू नकोस. तुझं कन्नड त्या आजीपेक्षा थोडंच बरं आहे."

बारावीतली मुलगी आईला हे सांगते. खरं आहे ते.

४ जुलै, गुरुवार

आण्णा ऑफिसला. साईनाथ त्यांच्याच गल्लीतला, त्यामुळे सगळं त्यांच्या कानावर असतं.

"बाई, सरळ म्हणा की, मराठी माणसाचा जबाब कन्नड हवालदारानं मुद्दाम फिरवला."

"फिरवला असं मला माहीत नाही, आण्णा."

"माहीत कशाला पायजे? इतकी वर्षं आमास्नी काय वागवलंय ते माहीत हाय की."

"आणि विमा कंपनीचे वकील? ते तर निपाणीचे. मराठी."

"निपाणीचं येगळं," आण्णा म्हणाले. मला हसू आलं, त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. जाताना म्हणाले, "पेपरात येईल बघा. सत्काराला गर्दी हुईल."

ते गेल्यावर मनात आलं, म्हणून बघावं का? जबाब लिहून घेणारा हवालदार हालप्पा, विमा कंपनीने त्यालाच साक्षीला बोलावलं आहे. मुद्दाम केलंस म्हटलं की तो चिडेल, चिडला की चुकेल, आणि त्या चुकीत साईनाथ सुटेल. असे दावे जिंकलेले मी पाहिले आहेत. हे मनात आलं, म्हणून इथे लिहून ठेवते. मी काही वेगळी नाही.

१० जुलै, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

हालप्पाच्या उलटतपासणीची तयारी करत होते. इतके दिवस मी जबाबाचं कोर्टातलं इंग्रजी भाषांतरच वाचत होते, ते सोपं पडतं म्हणून. आज पहिल्यांदा मूळ कन्नड काढलं. मला कन्नड मोठ्याने वाचल्याशिवाय लागत नाही. स्वयंपाकघराच्या टेबलाशी अडखळत वाचत होते. हालप्पाने पुस्तकी कन्नड लिहिलेलं नाही, बोलतात तसं लिहिलंय. "नन्न गाडी बंदैती..."

आतून ऋतिका ओरडली, "आज्जी, बस बंदैती! बंद हाय?" आणि हसायला लागली.

मी तिला गप्प बस म्हणणार होते. त्याऐवजी पेन उचललं आणि दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या.

गाडी बंदैती: गाडी आली आहे. गाडी बंद व्हती: गाडी बंद होती.

जबडा फुटलेला, दात नाहीत, तोंडात रक्त. त्या तोंडाने 'बंद व्हती' म्हटलं तर त्यातला 'व्ह' कुठून ऐकू येणार? आणि आपल्याकडे एका वाक्यात दोन्ही भाषा बोलत नाही असं कोण आहे? म्हातारीने 'बंदैती'चं 'बंद' केलं. हालप्पाने 'बंद व्हती'चं 'बंदैती' केलं असेल. म्हणजे साईनाथने गाडी आणली नसेल, कडेला बंद करून बसला असेल.

असेल. असेल म्हणजे आहे नव्हे.

११ जुलै, गुरुवार

प्रयोग केला. हसण्यासारखा आहे, पण दुसरा उपाय सुचला नाही.

ऋतिकाच्या तोंडात दोन्ही गालांत चपातीचे तुकडे कोंबले आणि तिला म्हटलं, शेजारच्या नीलव्वाकडे बघून 'गाडी बंद व्हती' म्हण. नीलव्वाचं घर कन्नड, तिला ह्यातलं काही माहीत नाही. ती कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. ऋतिकाने सांगितलं तसं केलं.

नीलव्वाने हातातला टॉवेल तसाच टाकला आणि फाटकाकडे निघाली. "यार गाडी?" म्हणजे कुणाची गाडी. रस्त्यावर डोकावून पुन्हा म्हणाली, "एल्ली ऐती? कुठं आलीया गाडी?"

ऋतिकाला हसता हसता ठसका लागला, पाठीत धपाटे घालावे लागले. नीलव्वाला सगळं सांगेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याचं होतं की कसलं ते कळलं नाही.

१३ जुलै, शनिवार

वाचनालयातून परत येताना साईनाथचं दार दिसलं. आत जावं आणि सांगावं असं फार वाटलं. गेले नाही.

कारण असं. त्याला काही आठवत नाही. मी जर म्हटलं, 'तू बंद व्हती म्हणाला असशील,' तर उद्या तो तेच आठवेल. प्रामाणिकपणे आठवेल, शपथेवर सांगेल आणि मग ती त्याची आठवण राहणार नाही, माझी होईल. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, हे मी ज्युनिअरांना शिकवते. इथे तर नेमका तोंडातल्या शब्दाचाच प्रश्न आहे. स्वरूपालाही सांगता येणार नाही, ती त्याला सांगेल.

तेव्हा हालप्पाची साक्ष होईपर्यंत गप्प बसायचं. ऋतिकाला आणि नीलव्वालाही तंबी दिली.

पण तोवर तो माणूस रोज उठून स्वतःलाच दोष देत बसणार. खरं जपायचं म्हणून एखाद्याला जळत ठेवणं बरोबर आहे का? आणि माझा हा सगळा कल्पनेचा खेळ निघाला तर? दोन्ही बाजूंनी विचार केला. उत्तर मिळालं नाही, तरी गप्पच बसणार आहे.

६ ऑगस्ट, मंगळवार

साईनाथ एकटाच आला. दावा मागे घेण्याचा अर्ज कुणाकडून तरी टाइप करून आणला होता.

"घरात कोण बोलत न्हाय बाई. ती भाकरी वाढती आणि दुसरीकडं तोंड करून बसती. माझ्यामुळं तिचं वाटोळं झालं. हे कोर्टाचं तरी संपवू या."

शब्द जिभेवर आले होते. ते गिळले आणि म्हणाले, "हवालदाराची साक्ष होऊ द्या. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं करू. माझ्यासाठी थांबा."

"तुमच्यासाठी?"

"व्हय."

त्याने अर्ज घडी करून खिशात ठेवला. आतापर्यंत अशिलाकडे मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

झालं. हालप्पाची साक्ष आज झाली.

वकिलीतला पहिला धडा असा की उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. आज मी तसेच प्रश्न घेऊन उभी राहिले. मागच्या बाकावर साईनाथ आणि स्वरूपा, दोघांच्या मधे एका माणसाची जागा सोडून. दाराशी भावकू आण्णा, पेपरवाल्या एका पोराला घेऊन.

हालप्पा पन्नाशीचा, पोट सुटलेला, टोपी काखेत. विमा कंपनीच्या वकिलांनी त्याच्याकडून जबाब शाबीत करून घेतला आणि ते बसले. मी उठले. दाराशी आण्णांनी पोराला कोपराने ढोसलेलं दिसलं.

मी विचारलं, "हा जबाब तुम्ही मुद्दाम वेगळा लिहिला असं माझं म्हणणं नाही. ते आधीच सांगते. मला एवढंच हवं आहे, की जखमी माणूस कुठल्या भाषेत बोलत होता?"

हालप्पाने माझ्याकडे जरा सावधपणे पाहिलं. कन्नडमध्ये म्हणाला, "मिक्स. इकडं सगळे तसंच बोलतात. मीही तसाच बोलतो."

"त्याचे शब्द आठवतात का? तुम्ही लिहिलेले नकोत, तो बोलला ते."

विमा कंपनीचे वकील उठले. जज्जसाहेबांनी हातानेच त्यांना बसवलं. हालप्पाने डोळे मिटले.

"तोंडातून रक्त येत होतं. फार बोलला नाही. गाडी बंद..." तो थांबला. "गाडी बंद... ऐती. असं काहीतरी. मी ते कन्नड धरलं."

इथे थांबायला हवं होतं. कुठलाही शहाणा वकील थांबला असता. पण 'असं काहीतरी'वर कुणाच्या माथ्यावरची चूक पुसली जात नाही. ती चूक खरी कुणाची, हे मलाही माहीत नव्हतं. मी पुढचा प्रश्न विचारला.

"अपघातानंतर मोटारसायकल जागेवरून कशी हलवली?"

"ढकलत कडेला घेतली. मग टेम्पोत घालून ठाण्याला आणली."

"इंजिन आणि चाकं शाबूत होती, पंचनाम्यात आहे. मग चालू करून का आणली नाही?"

"चावी नव्हती गाडीला."

"पडली होती?"

"नाही, नाही. आम्ही रस्त्यावर शोधली. नंतर दवाखान्यात मिळाली. त्याच्या शर्टाच्या खिशात होती. मीच काढली, मोबाइल आणि पाकिटाबरोबर बायकोच्या हातात..."

तो बोलायचा थांबला. मी खाली बसले, विचारायला काही उरलंच नव्हतं. हालप्पा आधी साईनाथकडे बघत राहिला, मग जज्जसाहेबांकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "साहेब, चावी खिशात हाय म्हंजे गाडी येणार कशी? गाडी बंद होती. तो बंद होती म्हणाला. मी लिवलो बंदैती."

जज्जसाहेबांनी स्टेनोला ते तसंच, दोन्ही भाषांत लिहायला सांगितलं. निपाणीच्या वकिलांनी फेरतपासणी घेतली नाही. कागद आवरताना हळूच म्हणाले, "बाई, माझी आजी कन्नडच बोलायची. मला तरी कळायला पाहिजे होतं."

बाहेर आले तर स्वरूपा कोर्टाच्या पायरीवर बसून पदर तोंडात धरून रडत होती. मला वाटलं, आता भरपाई मिळणार म्हणून. तेवढ्यात ती साईनाथला म्हणाली, "म्हंजे मी हाक मारली म्हणून गाडी न्हाय आणली तुमी?"

"कसली हाक?"

"पिशवी हँडललाच ऱ्हायली व्हती. मी मागं न बघताच वरडलो, अवो, पिशवी आणा की! आणि लगेच त्यो आवाज झाला. मी हाक मारली म्हणूनच तुमी गाडी वळवली, असंच वाटत ऱ्हायलं मला. तुमच्या तोंडाकडं बघवंना झालं."

साईनाथ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "म्हणून तोंड फिरवून बसत व्हतीस? आणि मला वाटलं, माझ्यावर राग हाय."

"राग कशाचा? मीच..."

"येडे! टिप्पर काय तुझी हाक ऐकून आला व्हय? गाडी बंद व्हती. मी तुझी वाट बघत बसलो व्हतो."

त्याला ते आठवलेलं नाही, हे मला माहीत आहे. आज ऐकलेलंच तो बोलत होता. पण आता साक्ष संपली होती, आता त्याने हवं ते आठवावं.

तो तिच्याशेजारी बसायला गेला. गुडघा वाकत नाही म्हणून अवघडला. तिने हात धरून त्याला खाली बसवलं.

आणि मला जूनमधला तिचा प्रश्न आठवला. कुणी हाक मारली तर चूक कुणाची? मी तिला कायदा सांगितला होता. कोरडी बाई, असं इथेच लिहून ठेवलं आहे. एका हवालदाराच्या कानाची चूक शोधायला मी सगळा पावसाळा घालवला, आणि समोरच्या खुर्चीतली बाई शुद्ध मराठीत सांगत होती ते मला ऐकू आलं नाही. ते पान फाडणार नाही. राहू दे.

हालप्पा टोपी घालून पायऱ्या उतरत होता. जवळ येऊन म्हणाला, "म्याडम, त्याचा पाय सुधरंल का?" म्हटलं, थोडा. तो दोघांकडे जाऊन टोपी काढून उभा राहिला. साईनाथच बोलला, "साहेब, चावी द्यायला इसरला न्हाईसा, लई झालं."

पेपरवाला पोर आण्णांना विचारत होता, "मग काय लिवू, आण्णा? अन्याय कुठं हाय ह्यात?" आण्णा म्हणाले, "आदी च्या पी."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल. चूक पूर्णपणे टिप्परचालकाची. गाडी रस्त्याच्या कडेला बंद अवस्थेत उभी होती, असं जज्जसाहेबांनी स्पष्ट लिहिलं आहे. साईनाथवरचा गुन्हा रद्द करायचा अर्ज आता ह्या निकालाच्या जोरावर करता येईल.

साईनाथला वाचून दाखवलं. त्याने तेवढं एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "कन्नडमधे बी वाचा." अडखळत वाचलं. घडी केलेला तो जुना अर्ज अजून त्याच्या खिशातच होता. तो त्याने माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

घरी येऊन भर दुपारी झोपले. ऋतिकाला वाटलं आजारी आहे. आजारी नव्हते. पुष्कळ महिन्यांनी डोक्यात काही नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सत्कार झाला. परिचयाचा कागद मी सामाजिक कार्याची जागा कोरी ठेवूनच दिला होता. आण्णांनी ती स्वतः भरली. 'बाई गेली अनेक वर्षं दर शनिवारी या वाचनालयात बसून लोकांचे कन्नड कागद वाचून, समजावून सांगतात.' टाळ्या फार वाजल्या. मला अजूनही पटत नाही. वाचता येतं ते वाचून दाखवणं, त्यात कार्य कसलं? शिवाय मी गुणाबाईंचं एक पत्र चुकीचं वाचलं होतं, ते आण्णांनी लिहिलं नाही. ते अन्यायाचं काही बोलतील ही भीती होती, पण त्यांनी व्यासपीठावरून बसमधल्या म्हातारीची गोष्ट सांगितली, आणि सगळ्यात मोठ्याने मागे बसलेली नीलव्वा हसली. मी उठून एवढंच सांगितलं, की इथून पुढे कुणाचाही जबाब असो, सही करण्याआधी तो आपल्या भाषेत मोठ्याने वाचून घ्या. न वाचणारा भेटला तर मला बोलवा. आण्णांनी लगेच जाहीर केलं की बाई आता बुधवारीही बसतील. मला न विचारता.

निघताना साईनाथ आणि स्वरूपा फाटकाशी भेटले. रताळ्यांनी भरलेली कापडी पिशवी माझ्या हातात दिली.

"पिशवी परत द्यायची हं बाई," स्वरूपा म्हणाली. "लई जपलीया मी ही."

दोघं गाडीवरून आले होते. तीच गाडी, दुरुस्त केलेली. साईनाथ हळूच बसला, ताठ पाय बाहेर काढून. ती मागे बसली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने गाडी चालू केली, ती दोन हात पुढे गेली आणि रस्त्याच्या तोंडाशी बंद पडली. मागे रिक्षा अडली. रिक्षावाला कन्नडमध्ये ओरडायला लागला.

साईनाथ मान वळवून त्याला काही सांगणार, तोच स्वरूपाने त्याच्या पाठीत बुक्की मारली.

"नीट सांगा वो! बंद हाय म्हणा, बंद! आता दात हायत न्हवं तोंडात?"

साईनाथ नव्या कवळीने इतका हसला की त्याला स्टार्टरच सापडेना. रिक्षावाला खाली उतरला, गाडीला मागून एक धक्का दिला, आणि गाडी चालू झाली.